उघड्या कॅमेऱ्यात अक्षता

भाचीच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक सुरू होतं आणि मी खांबाआड जाऊन कॅमेऱ्याची लेन्स बदलत होतो. "सावधान" झालं, अक्षता उडाल्या आणि त्यातल्या चार-दोन थेट उघड्या कॅमेऱ्यात पडल्या. मी फुंकर मारत बसलो, तोवर अंतरपाट दूर होऊन हार घालूनही झाले.

ही लेन्स खास या लग्नासाठी घेतली होती. आधीच्या लेन्सनं चेहरे धूसर येतात, असं मला वाटायचं. तिच्या आधीची बदलतानाही असंच काहीतरी वाटलं होतं. फोटो होते तसेच राहिले. माझ्या चुका तेवढ्या आता जास्त स्पष्ट दिसतात. दोष काचेचा की बघणाऱ्याचा, हे स्वतःला विचारायला मी थांबतच नाही. जेवणाच्या पंगतीतसुद्धा माझा डावा अंगठा मोबाइलवर पुढची लेन्स शोधत होता.

घरी येताना बायकोला म्हणालो, "नेमका तोच क्षण हुकला गं!"

"फोटोचं सोडा हो," ती म्हणाली. "मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. अंतरपाट निघाल्यावर पोरीनं आधी मागे वळून पाहिलं. तिथं तुमची कॅमेऱ्याची बॅग होती."