माझी नवीकोरी चाल

माझ्या हुशारीची वरात कशी निघाली ते ऐकायचंय? मग चहा घ्या, पण मधेच हसू नका. हसायची जागा मी सांगतो.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर, आणि मुकुंदवाडीच्या आमच्या विहारातल्या गायन मंडळाचा सेक्रेटरी. मंडळात आयटीआय झालेला मी एकटाच. त्यामुळं सगळी अक्कल आपल्याकडंच जमा आहे असं मला वाटायचं. गाणाऱ्या सगळ्या बाया, आणि त्यांच्या म्होरक्या गयाबाई. म्हणजे माझी सख्खी सासू, मी त्यांना मामी म्हणतो.

तेवढ्यात निरोप आला. नामांतराच्या सभेत एकाच मंडळाला गायला मिळणार, निवड रविवारी सकाळी उस्मानपुऱ्याच्या विहारात. आता सांगा, असली संधी मी सोडणार होतो व्हय?

लाल पेन घेतला आणि गाण्यांची वही उघडली. धर्म बदलून इतकी वर्षं झाली, तरी आमच्या बुद्धगीतांना चाली जुन्या देवांच्याच. म्हटलं, हे चालायचं नाय. एकेक गाणं खोडत गेलो. सासूबाईंचं लाडकं 'डोईची पाटी खाली ठेव गं' आलं, तेही खोडलं.

"मामी, ही चाल जात्यावरची. लई जुनी."

मामींनी पदर सारखा केला. "तुमी म्हन्ता तर असंल, जावईबापू."

"राग नाही ना?"

"राग कशाचा? शिकलेले तुमी."

किती समजूतदार बाई, असं मला तेव्हा वाटलं.

मग मी स्वतः गाणं रचलं. चाल तर कारखान्यात काम करता करता अशी ओठावर आली म्हणता! बायकोला ऐकवली. ती म्हणाली, "कुठंतरी ऐकल्यासारखी वाटती." म्हटलं, चांगली चाल अशीच वाटत असते.

रविवारी विहार गच्च भरलेला. गायला मी स्वतःच पुढं उभा राहिलो. पहिल्या ओळीलाच पुढचे म्हातारे एकमेकांकडं बघू लागले. मी रंगात आलो. दुसऱ्या ओळीला आमच्या ढोलकीवाल्याचा हात आपोआप हलगीच्या ठेक्यावर गेला. तिसऱ्या ओळीला एक म्हातारी बसल्या जागी घुमायला लागली, तिच्या सुनेनं खांदे धरून तिला आवरलं. मला वाटलं, काय दाद आहे.

गाणं संपलं. निवड करणाऱ्या अण्णांनी विचारलं, "पोरा, चाल कुणाची?"

"माझी. नवीकोरी." छाती पुढं काढून सांगितलं.

"मग आमच्या गावात मरीआईचा पोतराज हीच चाल म्हणत यायचा, त्याला कुणी शिकवली?"

हं, हसायची जागा हीच. अख्खा विहार हसला.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझे आजोबा पोतराज होते. धर्म बदलला त्या दिवशी त्यांनी आसूड आणि घुंगरं विहिरीत टाकली, मरीआईचं नाव सोडलं. पण मला मांडीवर थोपटताना गुणगुणायला त्यांच्याकडं दुसरी चालच नव्हती. बिचारे.

माझे कान तापले. माझ्यापायी मंडळाची सभा गेली, एवढंच डोक्यात. तेवढ्यात मामी उभ्या राहिल्या. "अण्णा, आमचं अजून एक हाय." आणि वहीत न बघता त्यांनी 'डोईची पाटी' सुरू केलं. बायांनी टाळ्या धरल्या, म्हातारेही गाऊ लागले. अण्णांनी तिथंच आमचं मंडळ निवडलं.

परत येताना मी हळूच विचारलं, "मामी, ती चाल जात्यावरची ना?"

"नाय वो. चिकलठाण्याला कारखान्याच्या शेडच्या बांधकामावर मी पाट्या वाहायचे. काँक्रीटचा मिक्सर फिरायचा, त्याच्या ठेक्यावर मीच बांधली."

"मग मी खोडलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"जावयाला नाय म्हनायची आपल्यात रीत हाय का?"

विद्यापीठाच्या नामांतराला पुढं कितीतरी वर्षं लागली. माझं त्याच दिवशी झालं, मोर्चा नाही की निवेदन नाही. आजही मुकुंदवाडी स्टेशनवर उतरून सेक्रेटरीचं घर विचारलंत तर कुणी सांगणार नाही. पोतराजाचं विचारा, दारापर्यंत आणून सोडतील.