कॉइल माझ्या मांडीवर होती

भुताखेताची गोष्ट सांगणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारायचो — वायरिंग तपासलं होतं का? टिंगल म्हणून नाही, मनापासून. दिवा आपोआप लागला, पंखा आपोआप फिरला... काहीतरी ढिलं असणारच ना! कुंभार पिंपळगावात माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. बिघाडाला कारण असतं, एवढ्या एका विश्वासावर माझी भाकरी आहे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय.

गेल्या वैशाखातली सकाळ. नऊ वाजले असतील. मारोतीमामांची जुनी पेट्रोल पिकअप ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. मामा आमच्या गावचे मेंढपाळ, माझे सख्खे नव्हे, पण अर्धं गाव त्यांना मामाच म्हणतं. मेंढरांसाठी घेतलेली ती गाडी आता कौसामामींसाठीच जास्त चालायची. मामींच्या किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. मागच्या खेपेचं डायलिसिस चुकलं होतं. गाडीत बसल्या होत्या, पाय सुजून टम्म, दोन शब्द बोलल्या की धाप.

"मिस्तरी, बाराच्या आत पोचायचंय. जल्दी बघा."

"दुसरी गाडी न्हाई का मिळाली?"

"लग्नाची दाट तिथी हाय आज. झाडून सगळ्या गाड्या वऱ्हाडात गेल्यात. अंबडचा एकजण येतो म्हन्ला, पण दुपारी दोनला."

सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. प्लग काढला, वायरीत खोचून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि मामांना सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. चारही प्लगला नाही. चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं तर आत सगळं पिवळंधमक! दर अमावस्येला मामा बॉनेट उघडून थेट इंजिनवर भंडारा उधळायचे. माझं टाळकंच सरकलं.

"मामा, हे इंजिन हाय, देव्हारा न्हाई! ह्या भुकटीतून करंट गळतो."

"चालतं बी त्याच्याच मेहेरबानीनं," मामा शांतपणे म्हणाले.

झाकण पुसलं, पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, कंडेन्सर बदललं. काही नाही. शेवटी मीटर कॉइलला लावला. बॅटरीच्या छोट्या करंटचा मोठा झटका करते ती कॉइल, तिच्याशिवाय ठिणगी नाही, आणि तिच्या आतली तारच तुटलेली. म्हणजे भंडाऱ्यावर मी उगाच तोंड टाकलं होतं. अशी कॉइल आता जालन्याशिवाय मिळत नाही.

मामा गाडीतून उतरून चाकापाशी बसले. मामींनी ऐकलं होतं. "मला घरी घेऊन चला," एवढंच म्हणाल्या. त्यांचे ओठ निळे दिसत होते. मामांचा हात कमरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीकडे गेला आणि मी खेकसलो, "आता ते उधळलं तर मी चाललो!" हात तिथंच थांबला. त्या ओरडण्याची मला अजून लाज वाटते.

प्लग परत बसवले होते. एकदा शेवटचं मोजावं म्हणून मी कॉइल पट्टीतून सोडवली. तिन्ही वायरी काढून हातात घेतली. तेवढ्यात काय मनात आलं कोण जाणे, मामींनी वाकून चावी फिरवली.

गाडी चालू झाली.

कॉइल माझ्या हातात होती. वायरी हवेत. आणि इंजिन बराबर चारही सिलिंडरवर चालत होतं, एक ठोका चुकत नव्हता.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "झाली?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? बंद करून बघायला हात शिवशिवत होते... पण बंद केली आणि परत लागलीच नाही तर? सुट्या वायरींच्या टोकांना टेप गुंडाळला, बॉनेट लावलं आणि त्यांच्याबरोबर बसलो. सत्तर-एक किलोमीटर. कॉइल माझ्या मांडीवर. घनसावंगी गेलं, अंबड गेलं... मी फक्त इंजिनचा आवाज ऐकत होतो. प्रत्येक गतिरोधकाला वाटायचं, आता बंद पडणार. मामी डोळे मिटून बसल्या होत्या.

पावणेबाराला दवाखान्याच्या दारात पोचलो. मामींना धरून उतरवलं आणि मामांचा हात चावीपर्यंत पोचायच्या आत गाडी बंद पडली. नंतर पन्नासदा सेल्फ मारला. काही नाही. जालन्यातच जुनी कॉइल शोधून बसवली, तेव्हा चालली.

जाणकार म्हणतील, तापलेलं इंजिन ठिणगीशिवायही थोडं चालतं. मलाही माहीत आहे. पण ते थंड होतं. आणि थोडं म्हणजे सत्तर किलोमीटर नव्हे. ती तुटकी कॉइल मी तीन गाड्यांना लावून बघितली. मग चिरून आतली तारही बघितली, तुटलेलीच होती. कधीकधी काम सोडून तिच्याकडेच बघत बसतो. बायको म्हणते, फेकून द्या ती. होत नाही.

मामांना मी सांगितलं, वायर ढिली होती. त्यांनी गावभर केलं, मिस्तरीच्या हाताला गुण आहे.

परवा मामा गॅरेजवर आले, मामींना घेऊन. गाडी ठीक होती. डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं सांगितलं होतं.

"मिस्तरी, हिच्या डोक्यावर एकदा हात ठेवा."

"मामा, मी मेकॅनिक हाय हो..."

मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. मामी हसल्या आणि हळू म्हणाल्या, "ठेव रे दादा. मला काय न्हाई व्हायचं त्यानं. पर ह्यांना आज झोप लागंल."

गाडी का चालली, मला आजही माहीत नाही. माझे हात काळ्या ऑइलनं भरलेले होते. पँटला पुसले आणि ठेवला.