फोन लावायची ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि आई तर माझा चेहरा बघूनच ओळखते. तुला सांगतेय. मध्येच गप्प झाले तर थोडं थांब.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं ऑफिस. इमारतींच्या लिफ्ट सांभाळणारी कंपनी. तक्रारी हाताळायला एआय एजंट आणायचं ठरलं. एजंटच्या हाताशी टूल्स असतात — तक्रार नोंदवायचं, मेकॅनिक पाठवायचं, फोन लावायचं, तक्रार बंद करायचं. प्रत्येक टूलचं वर्णन लिहायचं काम माझं. ते काय करतं, कधी वापरायचं, कधी अजिबात वापरायचं नाही. एजंट तेवढंच वाचतो. जे लिहिलं नाही, ते त्याला माहीतच नसतं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

तोवर तक्रारी सावंतताई घेत. कितीतरी वर्षं, एकट्या, दोन फोन सांभाळून. मी शेजारी बसून त्यांना विचारायचे, लिहून घ्यायचे. खरं सांगू? कंटाळा यायचा. लिफ्टचं विचारलं की त्या माणसांवर घसरायच्या — कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुणाकडे तान्हं बाळ आहे. मला हवी असायची एक ओळ. आणि त्यांनी ती दिलीही. "अगो, लिफ्ट चालू झाली म्हणान तक्रार संपली नाय. फोन कर, माणूस घरात पोचलो काय विचार, मगे बंद कर." दुसऱ्या दिवशी डबा खाताना पुन्हा तेच म्हणाल्या.

मी लिहिलं. हे लक्षात ठेव, मी लिहिलं होतं. 'तक्रार बंद करा' या टूलच्या वर्णनात शेवटी — लिफ्ट चालू असल्याचा सिग्नल आला तरी, तक्रारदाराला फोन करून खात्री केल्याशिवाय हे टूल वापरू नये.

मग डेमो जवळ आला. तयारी करताना एजंट प्रत्येक तक्रारीपाशी फोन लावत बसायचा. कुणी उचलायचं नाही, तक्रार उघडीच राहायची. आता माझी वाट लागणार, असं वाटलं. एका सकाळी चहाचा कप हातात धरून मी ती ओळ उडवली. डेमोनंतर परत टाकायचं ठरवलं होतं का? बहुतेक. नक्की आठवत नाही — की आठवायचं नाहीये? डेमो झकास झाला. सगळ्यांसमोर कौतुक झालं. आणि ओळ मी परत टाकली नाही.

पुढे चारकोपच्या एका सोसायटीची लिफ्ट बिघडली. म्हणजे चालायची, पण सातव्या मजल्यावर थांबायची नाही. तिथे एक आजोबा राहायचे, डायलिसिसला जाणारे. त्यांच्या सुनेनं तक्रार केली. सिग्नल आला, लिफ्ट चालू आहे. एजंटने तक्रार बंद केली. तिनं पुन्हा केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी डायलिसिसहून आलेले आजोबा सहाव्या मजल्यावर उतरले, जिना चढायला लागले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा चालले का, हे मी विचारलेलं नाही. विचारता आलं असतं.

मीटिंग झाली. मॅनेजरनी विचारलं, फोन करायचा असतो हे ताईंनी तुला सांगितलं होतं का? ताई समोरच बसल्या होत्या.

"नाही सर," मी म्हटलं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत गं. गोंधळल्या. मग हळूच म्हणाल्या, "राहिलं असेल माझ्याकडून. हल्ली विसरायला होतं." तू समजतेयस ना? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःवर नाही.

ओळ मी त्याच दुपारी परत टाकली. कुणी कधी लिहिली, कुणी कधी काढली, सगळं सिस्टिममध्ये राहतं. दोन क्लिक केल्या की दिसतं. कुणी बघितलं नाही. मी मात्र रोज बघते. जेवण सोडून बघते, मीटिंगमध्ये बसून बघते. माझं नाव तिथंच असतं. आता नव्या मुलांना वर्णनं लिहायला मीच शिकवते — टूल कधी वापरायचं नाही ते आधी लिहा, असं सांगते. मुलं मान डोलावतात.

महिनाअखेरपासून ताईंना घरी बसायला सांगितलं. वय झालं म्हणून. त्या उरलेल्या दिवसांत त्या मला एकेक गोष्ट समजावायच्या, संपली की थांबायच्या, आणि घाबऱ्याघुबऱ्या विचारायच्या, "सांगलंय मा गो तुका?" मी नुसती मान हलवायचे.

सांगितलं होतं, ताई. दोनदा. एकदा फोनपाशी, एकदा डबा खाताना.