सभापतींना फाट्यापर्यंत पोचवले

१९७३ च्या मे महिन्यात, जामखेड तालुक्यातल्या एका गावाने पंचायत समितीच्या सभापतींना बैलगाडीत बसवून, हलगी लावून, त्यांनीच तासाभरापूर्वी उद्घाटन केलेल्या रस्त्यावरून फाट्यापर्यंत पोचवले. मी तेव्हा नगरच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो आणि गाडीमागून चालत होतो.

रस्ता दुष्काळी कामातला. गावापासून डांबरी सडकेवरच्या फाट्यापर्यंत. गावाकडच्या टोकाला मुरूम पडला होता, फाट्याकडच्या टोकालाही. मधल्या पट्ट्यात चुन्याच्या खुणा होत्या. तिथले मजूर दुसऱ्या रस्त्यावर हलवले होते. तो रस्ता सभापतींच्या मळ्याकडे जातो, असे गावाचे म्हणणे. नकाशातही तसेच दिसत होते.

साहेबलोक जीपने लांबच्या वाटेने गावात येत, त्यामुळे मधला पट्टा कोणी पाहिला नव्हता. कागदावर रस्ता पुरा झाला की काम बंद होणार होते, आणि अशा अर्धवट रस्त्यावर एसटी गाडी घालणार नव्हती. सरपंचांची मुलगी सातवी पास झाली होती. आठवीचा वर्ग तालुक्याला. एसटी आली तर ती शिकणार, नाहीतर नाही, हे घरात ठरलेले होते.

फीत कापून झाली. सभापती जीपकडे वळले. जीप नव्हती.

"फाट्यावर पाठवली, साहेब," सरपंच म्हणाले. "पाहुण्याला शिवंपतूर गाडीनं पोचवायची रीत हाय आमची."

"अहो सरपंच, कशाला तरास?"

"तरास कसला? नवाकोरा रस्ता हाय की आता!"

साहेब नव्या रस्त्याने येणार आहेत, असे सरपंचांनी ड्रायव्हरला सांगितले होते. ते खोटे नव्हते.

बैल गुरांच्या छावणीतून आणले होते. गाडीला लिंबाचे डहाळे बांधले होते. सभापती, रस्त्याच्या कामावरचे ओव्हरसीअर आणि आरतीचे ताट घेतलेली सरपंचांची मुलगी गाडीत बसली. गाव मागे निघाले. मुरमावर गाडी छान चालली. सभापतींनी दोन्ही बाजूंना हात जोडले.

मग मुरूम संपला. पहिल्या धोंड्याला सभापतींचा फेटा कानावर आला. दुसऱ्याला त्यांनी ओव्हरसीअरचा खांदा धरला. हलगीवाला थांबला नाही.

"मुरूम कुठं गेला?" सभापतींनी विचारले.

"पुढं लागंल, साहेब," ओव्हरसीअर म्हणाले.

"लागंल की," सरपंच गाडीशेजारून म्हणाले. "सडकेवरनं दिसतंय तेवढ्यात टाकलाय."

"आमीच टाकलाय!" मागून एक मजूर बाई ओरडली. "पुढचा टाकू देईनात. म्हनत्यात, रस्ता झाला!"

गाव हसले. सभापतीही थोडे हसले आणि मुलीकडे वळले. "कितवीला गं तू?"

"आठवीला जानार. एसटी आली तर."

"येईल की."

"ह्या रस्त्यानं?"

पुढे नाला होता. त्यावर मोरी बांधायची होती. तिथे फक्त खड्डा होता. सभापती उतरू लागले.

"बसा की, साहेब," सरपंच म्हणाले. "एसटीतनं कुनी मधीच उतरत न्हाई."

ते तरीही उतरले आणि उरलेला रस्ता चालले. फाट्यावर पोचल्यावर मुरमाच्या ढिगावर बसून ते तांब्याभर पाणी प्यायले. मग ओव्हरसीअरला म्हणाले, "अपूर्ण लिहा. मजूर परत आणा."

सरपंचांनी मला पुढे केले. "साहेब, ह्यांच्यासमोर एकदा म्हना."

सभापतींनी माझ्याकडे पाहिले, फेटा सरळ केला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले. जीपमध्ये बसताना सरपंचांना म्हणाले, "पुढच्या खेपेला सत्कार करायचा असला तर तुम्हीच तालुक्याला या."

"येतो की. एसटीनं," सरपंच म्हणाले.

बातमी तिसऱ्या पानावर आली. आठवडाभरात मजूर परतले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मोरी व्हायची होती, म्हणून एसटी नाल्याच्या पलीकडे थांबत असे. सरपंचांची मुलगी तिथपर्यंत चालत जाई. दिवाळीनंतर गाडी गावात आली.