रूपसिंगभाऊंचा राम

रूपसिंग राठोड ट्रक चालवतात. नागपूर ते हैदराबाद, हैदराबाद ते नागपूर, आणि मध्ये पांढरकवड्याला उतरून एखाद-दोन दिवस तांड्यावर घरी. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मिठाची पोती लादून मुलूखभर हिंडायचे. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, ऐकणाऱ्याला घाई असो की नसो. माझं पांढरकवड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे ते पहिल्यांदा आले तेव्हा मलाही ती सगळी ऐकावी लागली. मग मागे उभ्या असलेल्या लेकाला दंडाला धरून त्यांनी पुढे ओढलं.

"हा माया ओम. ह्याले गेम खेळाचा कॉम्प्युटर पायजे, आन तोबी घरीच जोडाचा हाय म्हणते. तयार घेतच नाई. तुमी सांगा बाप्पा त्याले काही."

मी सांगितलं. "कायले भानगडीत पडतं? तयार घे, गॅरंटी भेटते." ओमने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या बापाला हैदराबादला एसटीनं जा म्हणालो होतो.

तेव्हापासून तो पोरगा माझ्या डोक्यावर बसला. कॉलेज सुटलं की दुकानात हजर. हे कॅबिनेट घेऊ की ते, हा बोर्ड की तो. मला विचारायचा आणि मी सांगितलं की त्याच्या नेमकं उलट बोलायचा. नाकावर माशी बसू देत नसे. एकदा म्हणाला, ग्राफिक्स कार्ड सगळ्यात दांडगं घेणार आणि प्रोसेसर साधाच. मी शेतकऱ्याच्या घरचा माणूस. म्हटलं, "एक बैल तगडा आन एक मरतुकडा जुंपला तं नांगराचं तास सरळ जाईन का? जोडी जमाले पायजे."

"काका, तुमी बैलंच पाहा," म्हणाला.

मी त्याला दुकानातून हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या पुन्हा हजर, आणि प्रोसेसर बदललेला. माझं बरोबर होतं असं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. राग यायचा मला त्याचा, आणि तो एखाद्या दिवशी आला नाही की दुकान ओकंबोकं वाटायचं. दोन्ही खरं आहे.

रूपसिंगभाऊंना यातलं काही कळत नव्हतं, पण गाडीवरून उतरले की लेकाबरोबर येऊन बसायचे. एकदा आम्ही रॅमबद्दल बोलत होतो. बराच वेळ त्यांनी ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "ह्या डब्यात राम कायले बसवते?"

ओम हसून हसून लोळायला लागला. "बा, राम नाई, रॅम! आन एक नाई, दोन बसवाच्या हाय."

"मंग बरोबर हाय. राम राम म्हणाले दोनच लागते."

रॅम नसेल तर मशीन चालूच होत नाही, असं मी समजावलं, तर म्हणाले, "म्हणजे राम नसला तं मशीनीत राम नाई." ही कोटी त्यांनी पुढे आदिलाबादपासून हिंगणघाटापर्यंतच्या सगळ्या ढाब्यांवर खपवली असणार. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी रामच राहिला.

कॅबिनेट आलं, बोर्ड आला, प्रोसेसर, हार्डडिस्क, पडदा आणि पॉवर सप्लायही आला. ओमने खोकी खाटेखाली रचून ठेवली. जोडायचं ते सगळं आल्यावरच, हा त्याचा हट्ट. रॅमच्या दोन पट्ट्या आणि कार्ड तेवढं बाकी होतं. तेही त्याने हैदराबादच्या एका दुकानात फोन करून बाजूला ठेवायला सांगितलं. पुढच्या खेपेला बाप आणणार होता.

त्याच खेपेत ओमला ताप आला. ताप डोक्यात गेला. पांढरकवड्याहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर, आणि नागपूरला सारं आटोपलं. रूपसिंगभाऊंना फोन गेला तेव्हा ते हैदराबादेत कापसाच्या गाठी उतरवत होते. तसेच निघाले. रस्ता त्यांचा रोजचा, पण त्या दिवशी तो सरला नाही. पोचले तेव्हा लेक गेलेला होता. एकोणीस वर्षांचं पोर, त्याच्याशी रोज भांडणारा मी, मला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. आईबापाचं काय झालं असेल ते काय लिहू?

तेरवी झाली आणि रूपसिंगभाऊ पुन्हा गाडीवर गेले. परतीच्या वाटेत त्यांनी गाडी माझ्या दुकानासमोर उभी केली. हातात पुडकं होतं.

"त्यानं ठेवाले सांगतलेला सामान हाय," ते म्हणाले. "आता तुमी जोडून द्या. पण एक सांगतो घनश्यामभाऊ, त्याच्या पसंतीचाच झाला पायजे. तुमच्या मनानं एक स्क्रूबी बदलू नका."

मी शब्द दिला. रविवारी तांड्यावर गेलो. ओमच्या खाटेशेजारच्या टेबलावर खोकी मांडली. जमनीवहिनी, म्हणजे ओमची आई, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. बोर्ड बसवला, प्रोसेसर बसवला. रॅमची पट्टी हातात घेतली, खाचेवर धरली, आणि माझा हात थांबला. पट्टी बसेना. बसणारच नव्हती. बोर्ड नव्या जातीचा आणि रॅम जुन्या जातीची. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात. नवशिका करतो ती पहिली चूक. मला बैल पाहायला सांगणाऱ्या त्या शहाण्याने नेमकी तीच केली होती.

"काय झालं?" रूपसिंगभाऊंनी विचारलं.

त्यांच्या तोंडाकडे पाहून मला खरं बोलवेना. "दुकानदारानं भलतीच देल्ली," मी म्हणालो.

लोक म्हणतील खोटं बोलायला नको होतं. त्यांनी त्या खोलीत माझ्या जागी उभं राहून दाखवावं.

रूपसिंगभाऊंचा चेहरा लाल झाला. "मेलेल्या पोराले फसवते? पाहतोच त्याले." मी बदलून मागवतो म्हणालो, सोडून द्या म्हणालो, पण ऐकतील तर ते रूपसिंगभाऊ कसले? लेकाचा हट्टीपणा काही आकाशातून पडला नव्हता.

पुढच्या खेपेनंतर ते आले ते शांत होऊन. बाकावर बसले आणि नव्या रॅमचं खोकं माझ्यापुढे ठेवलं.

"लय बोललो मी त्याले," ते सांगू लागले. "दुकान गिऱ्हाइकाइनं भरलेलं. तो दुकानदार पोट्टा साराच ऐकून घे. मंग म्हणे, अंकल, मैंने फोन पे उसको पूछा था, बोर्ड कौनसा है. तो उल्टा मेरेकोच डांट दिया. बोला, मेरे को मत सिखाओ."

मी खाली मान घालून स्क्रूड्रायव्हर पुसत बसलो.

"तुमाले मालूम होतं," ते म्हणाले.

"होतं."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

रूपसिंगभाऊ थोडं हसले. "वाईट? अवो, तेरवीपासून सारे त्याले देव करून राह्यले. कधी उलटून बोलला नाई, कधी चुकला नाई. मीबी तसंच म्हणत होतो. म्हणता म्हणता माया पोरगाच मले दिसेनासा झालता. त्या दुकानदारानं सांगतलं आन ओम समोर उभा राह्यला. अर्धं मालूम, आन तोरा पुऱ्याचा! चुकू द्या ना त्याले. चुकाचंच वय होतं त्याचं."

चहा मागवतो म्हणून मी बाहेर गेलो आणि टपरीवर उगीच उभा राहिलो.

त्या रविवारी दोन्ही पट्ट्या खट् खट् बसल्या. कार्ड बसलं. वायरी जोडल्या. मी बटण रूपसिंगभाऊंना दाबायला लावलं. पंखे फिरले, आत निळे दिवे लागले, पडदा उजळला.

"झाला का?" जमनीवहिनींनी दारातून विचारलं.

"झाला," मी म्हणालो.

रूपसिंगभाऊंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते वाकून कॅबिनेटच्या आत बघत होते. रॅमच्या पट्ट्यांशेजारी त्यांनी बोट नेलं.

"ह्या दोन जागा खाली दिसते. इथं काही टाकाचं राह्यलं का?"

"नाई. त्या खालीच राह्यते. ओमले दोनच पायजे होत्या."

"आन ह्या इकडं?"

"तिथंबी काही नाई लागत."

"नीट पाहा ना घनश्यामभाऊ." त्यांनी माझं मनगट धरलं. "परवा माही गाडी हैदराबादले जाते. काही तं आणाचं असन त्याचं. एखादा बारका पार्ट. काहीबी."

मी पुन्हा वाकून पाहिलं. खरंच पाहिलं, कोपरान् कोपरा. काही सापडलं असतं तर मला हवंच होतं.

"सारं आलं, भाऊ," मी म्हणालो. "आता काही आणाचं नाई राह्यलं."

त्यांनी माझं मनगट सोडलं, लेकाच्या खाटेवर बसले आणि रडू लागले.