मुद्दाम चुकवून बघणाऱ्या ताई

महिना होत आला. मांजरसुंब्याला चहाला थांबलो होतो, तेव्हा फोन आला... अनिताताई गेल्या. पहिला विचार आला तो वेडाच होता, की आता माझे फॉर्म कोण चुकवून बघणार?

ताई तलवाड्याच्या. बीडला आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्या वेबसाइट बनवायच्या आणि मला शिकवायच्या. मी दीडशहाणा. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृह प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म मी बनवला होता. एक दिवस कड्याचे एक गृहस्थ लेकीला घेऊन दारात उभे राहिले. तालुका आष्टी, पण पोरीला वसतिगृह मिळालं थेट अंबाजोगाईचं. "परवा आमची टोळी निघतीय. इतक्या लांब पोरीला कोन बघंल? न्हाईतर उसाच्या फडावर न्यावं लागंल संगं," ते म्हणाले. मी ऐटीत सांगितलं, "तुम्हीच तालुका चुकीचा भरला असेल." ताईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आपला तालुका कुनी चुकतं का रं?"

मग पोरीला त्यांनी संगणकासमोर बसवलं आणि स्वतः शेजारच्या लाकडी स्टुलावर हाताची घडी घालून बसल्या. "त्या दिशी भरताना काई चुकलं होतं का गं?"

"मोबाईल नंबरात एक आकडा कमी पडला होता."

"मग आजबी तसाच चुकव."

पोरीनं चुकवला. फॉर्म लाल सूचना घेऊन परत आला. नाव होतं, गाव होतं, आणि तालुका मात्र गुपचूप यादीतल्या पहिल्या नावावर जाऊन बसला होता... अंबाजोगाई! त्या दिवशी पोरीनं नंबर तेवढा दुरुस्त करून पाठवला होता. तालुक्याकडे पुन्हा बघायचं तिला कारणच नव्हतं.

यादी दाखवायचं काम फ्रेमवर्कच्या फॉर्म हेल्परवर, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या कोडवर, सोपवून मी निर्धास्त होतो. यादीत तालुक्याचा क्रमांक संख्या म्हणून होता, फॉर्ममधून परत यायचा तो मजकूर म्हणून. हेल्परच्या लेखी दोन्ही जुळतच नव्हते, म्हणून फॉर्म परत आला की तो यादीतलं पहिलंच नाव दाखवायचा. नुसता कोड वाचून मला हे आठ दिवसांत सापडलं नसतं. ताईंनी एक ओळ बदलली, आणि दुपारभर बसून अंबाजोगाई नोंदलेल्या प्रत्येक घरी स्वतः फोन करून खात्री केली. ती पोर आष्टीच्याच वसतिगृहात राहिली. त्या दिवशी मी जो थक्क झालो, तो अजून सावरलेलो नाही.

स्टूल अजून माझ्या शेजारीच आहे. गेल्या आठवड्यात नवा फॉर्म तयार झाला. मी नाव लिहिलं अनिता, गाव तलवाडा, तालुका गेवराई, आणि नंबरातला एक आकडा मुद्दाम गाळला. लाल सूचना आली. गेवराई जागचं हललं नव्हतं... आणि मी शाबासकीसाठी सवयीनं स्टुलाकडे वळलो.