डबलसीट

डबलसीट बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. मान जराशी डावीकडे कलवून, त्याच्या खांद्यावरून पलीकडचा रस्ता दिसावा अशा बेताने बघत. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्यामागे कुणीतरी उभं आहे. मी दोनदा वळून पाहिलं.

"मागं कोणी नाई, सर," ते म्हणाले. "सवय आहे मले. जल्मभर लोकाइच्या मागं बसलो न. जे पाह्यलं ते त्याइच्या डाव्या खांद्यावरून पाह्यलं."

लहानपणी पोलिओने त्यांचा उजवा पाय लुळा झाला. आंजीहून वर्ध्याच्या शाळेत ते मित्राच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून आले. तहसील कचेरीत कारकून झाले तेव्हा सहकाऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. मुलगी बघायला गेले तेही भावजींच्या मोपेडवर, मागेच. नाव मधुकरराव, पण फोन उचलला की म्हणायचे, "जयभीम, डबलसीट बोलतो." मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर त्यांनी एकदा घेऊन बघितली होती. ती डांबरी रस्त्यावर शहाण्यासारखी चालली आणि गावच्या पांदणीत, म्हणजे शेतात जाणाऱ्या गाडीवाटेवर, पहिल्याच आठवड्यात आडवी झाली.

आमच्या टोळीबद्दल सांगायचं तर संकोच वाटतो, पण सांगायला हवं. मी बोरगाव मेघेत राहणारा, कॉलेजातला ग्रंथपाल. पन्नाशी गाठली, यकृतावर चरबी निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून मी चार चाकांची गाडी घेतली. क्वाड म्हणतात तिला. जाड चाकं, वर छप्पर नाही, मोटरसायकलसारखं हँडल. माझ्याआधी हिंगणघाटच्या शेखरने घेतली होती. तो दातांचा डॉक्टर. आणि त्याच्याही आधी आंजीच्या बंडूभाऊंनी, ज्यांच्या शेतात आम्ही हे उद्योग करायचो. रस्त्यावर या गाड्या चालवायला परवानगी नसल्यामुळे त्या बंडूभाऊंच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्येच असत. गावात त्यांना 'चार चाकाची फटफटी' म्हणत आणि आम्हाला काय म्हणत ते बंडूभाऊंनी कधीच सांगितलं नाही.

डबलसीट निवृत्त होऊन आंजीला परतले होते. एका रविवारी ते बंडूभाऊंच्या मागे बसून शेडवर आले, कुबडी टेकत क्वाडभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हे पडते का?"

शेखरने त्यांना वजनाचा मध्य, चाकांमधलं अंतर आणि सस्पेन्शन समजावून सांगितलं. दाताचं मूळ समजावताना तो जसा हवेत बोट फिरवतो तसं फिरवत. मी मधून मधून माझी भर घातली; ती सगळी मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओंमधली होती. डबलसीटनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते समजलं. उभी राह्यली तं पडते का?"

"नाई पडत, मधुभाऊ," बंडूभाऊ म्हणाले.

मग कुबडी मागच्या कॅरिअरला बांधून ते चढून बसले. या गाडीला पायाने काही करावं लागत नाही. अंगठ्याने खटका दाबला की ती पळते, हाताने ब्रेक दाबला की थांबते. ते पांदणीने निघाले, वळणाआड गेले आणि परत आलेच नाहीत. आम्ही घाबरून तिघंही मागे धावलो. धावलो म्हणजे आमच्या वयाला आणि पोटाला साजेल तसे. नाल्याच्या काठाशी गाडी बंद करून ते नुसते बसले होते. समोर तुरीचं शेत, पलीकडे बाभळी. बघण्यासारखं काही नव्हतं.

"काय झालं?" मी धापा टाकत विचारलं.

"काई नाई, सर. समोर कोणाची पाठ नाई न," ते म्हणाले. "म्हणून पाहत बसलो."

महिन्याभरात त्यांनी स्वतःची जुनी क्वाड मिळवली. दर रविवारी शेडमध्ये आमची बैठक भरे. चहा व्हायचा, आणि मग टायरमध्ये हवा किती असावी यावरून वाद सुरू. मी कमी हवेच्या पक्षात, शेखर जास्त हवेच्या. बंडूभाऊ ज्याच्या हातात बिस्किटांचा पुडा असेल त्याच्या पक्षात. ऊन चढेपर्यंत हे चाले आणि मग गाडी काढायची वेळ टळून गेलेली असे. डबलसीट मात्र वाद रंगात आला की हळूच उठत, गाडीवर बसत आणि एक फेरी मारून येत. परतल्यावर विचारत, "कुठपर्यंत आलं?" त्यांच्या बायकोने, सुशीलाताईंनी, एकदा डब्यातून भाकरी आणि ठेचा आणला तेव्हा आमचं थोडा वेळ ऐकून घेतलं. "हे लोकं चालवतात कवा?" त्यांनी नवऱ्याला आमच्यादेखत विचारलं.

पावसाळ्यात मी चिखलासाठीचे खास टायर मागवले. परदेशातल्या कुणीतरी वाळवंटात बसून त्यांची शिफारस केली होती. आमच्या काळ्या मातीला ते ठाऊक नव्हतं. वावरात शिरून काही हात गेलो असेन, तोवर चारही चाकांना इतकी माती चिकटली की ती फिरेनाशी झाली आणि गाडी चार रांजणांवर ठेवल्यासारखी दिसू लागली. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याची बैलजोडी आणून तिला ओढून काढलं. तो शेतकरी जाताना म्हणाला, "हे कायच्या कामाची आहे, सर?" मी शेखरकडे पाहिलं. शेखरने आभाळाकडे पाहिलं. डबलसीट म्हणाले, "कामाची नाई रे बाप्पा. म्हणूनच तं चांगली आहे."

एका गोष्टीत ते फार कडक होते. आपल्या गाडीवर मागे कुणालाही बसवत नसत. गावातल्या पोरांना नाही, सुशीलाताईंनाही नाही. "मागच्याचा जीव समोरच्याच्या हाती असते," ते म्हणायचे. "मले माहीत आहे ते किती भेव असते. मी नाई कोणाले देत ते."

तो नियम माझ्यामुळे मोडला. दिवाळीनंतरचा रविवार होता. शेखर आणि बंडूभाऊ पुढे गेले होते, डबलसीट नेहमीप्रमाणे मागून सावकाश येत होते. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या उंच बांधावरून, गाडी चढवायचं ठरवलं. व्हिडिओत तो माणूस ते एका हाताने करत होता. मी दोन्ही हातांनी केलं आणि गाडीसकट उलटा खाली आलो. घोटा असा वळला की उभं राहता येईना. फोनला रेंज नव्हती. डबलसीट आले, मला पाहिलं, गाडीवरून उतरले. कुबडी माझ्या बगलेत दिली आणि स्वतः गाडीला धरून उभे राहिले. दोन माणसं आणि दोन धड पाय अशी आमची अवस्था होती.

"बसा मागं," ते म्हणाले.

मी बसलो आणि बोलायला लागलो. इथे खड्डा आहे, भाऊ. जरा डावीकडे. ब्रेक, ब्रेक. वळणावर हळू घ्या. बाभळीपाशी त्यांनी गाडी थांबवली.

"सर, पायाले लय लागलं का?"

"हो."

"तोंडाले नाई लागलं?"

मी कॅरिअरची दांडी धरली.

"मागच्यानं बोलाचं नसते. मी इतके वर्ष मागं बसलो, एका शब्दानं कोणाले बोललो नाई. नुसतं पुढचा जिकडे झुकते तिकडे झुकाचं. बस."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या पाठीमागे बसलो होतो. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्यांना माझी भीती वाटत होती, म्हणजे मी पडेन याची. शेडवर पोचेपर्यंत मी नुसता झुकत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा अंगठा दगा देऊ लागला. लहानपणीच्या त्या दुखण्याचा त्रास उतारवयात पुन्हा डोकं वर काढतो, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. खटका दाबून ठेवता येईना. आमच्या बैठकीत यावर अफाट चर्चा झाली. शेखरने दात सरळ करायच्या तारेची काहीतरी युक्ती करून आणली. ती पहिल्याच फेरीत तुटली. शेवटी एका गॅरेजवाल्याने मोटरसायकलसारखी पिळायची मूठ बसवून दिली आणि एक हंगाम निघाला. मग मनगटातलाही जोर गेला. मुलीने त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं.

गाडी कुणाला देणार, हे आम्ही तिघांनीही विचारलं नाही. तिघांच्याही मनात मात्र एकच नाव होतं, आपापलं. डबलसीटनी ती आंजीच्याच संगीताला दिली. तिचाही एक पाय त्यांच्यासारखाच. तिचं शेत नाल्यापलीकडे; भाऊ नेईल तेव्हाच तिला ते दिसायचं. जाण्याआधी आठवडाभर ते शेडसमोर खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी तिला शिकवलं. ओरडले नाहीत, की हात धरला नाही. ती घाबरून थांबली की म्हणत, "थांबजो. घाई कोणाले आहे?"

दर रविवारी आम्ही त्यांना नागपूरला फोन लावत असू. बंडूभाऊ फोन मोठ्या आवाजावर लावून चहाच्या कपाला टेकवून ठेवत, म्हणजे त्यांनाही वाद ऐकता यावा. हिवाळ्यात एके दिवशी सकाळी सुशीलाताईंचा फोन आला. आम्ही नागपूरला जाऊन आलो. पुण्यानुमोदनालाही, म्हणजे त्यांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमालाही, गेलो. त्यानंतर दोन रविवार शेड उघडलीच नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही तिघं जमलो. चहा झाला. टायरच्या हवेबद्दल कुणी काही बोललं नाही. तेवढ्यात संगीता बंद गाडीवर हँडल धरून बसून आली. तिचा भाऊ मागून ढकलत होता. "नाल्यात पाणी होतं, भाऊ. मशीन आवाज करते, पण चाकं फिरून नाई राह्यले. पाहता का?"

तिने विचारलं ते आम्हाला. मागे वळून पाहायलाही कुणी नव्हतं. आम्ही पान्हे काढले. चाकं फिरवणाऱ्या बेल्टवरचं झाकण उघडायलाच निम्मी सकाळ गेली. आत पाणी शिरलं होतं. आम्ही ते फडक्याने पुसलं, बेल्ट उन्हात वाळवला, पुन्हा बसवला. त्या झाकणाला खाली एक छोटं बूच असतं, ते काढलं की पाणी आपोआप गळून जातं, हे आम्हाला फार नंतर कळलं. एक स्क्रू उरला. पण गाडी निघाली. संगीताने हात हलवला आणि ती नाल्याकडे गेली.

बंडूभाऊंनी आनंदाच्या भरात खिशातून फोन काढला आणि सवयीने मोठ्या आवाजावर डबलसीटचा नंबर लावला. आमच्या लक्षात येईपर्यंत पलीकडे घंटा वाजत होती. तो ठेवायचा की काय करायचं, या गोंधळात असतानाच सुशीलाताईंनी उचलला.

"बोला, बंडूभाऊ."

 बंडूभाऊंनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "ताई, संगीताची गाडी बंद पडली होती. दुरुस्त झाली, तेच सांगायचं होतं."

"कोणं केली?"

"आम्ही केली."

 मग त्या म्हणाल्या, "खरं सांगा, सर," आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांचा आवाज फाटला, तरी त्या हसतच राहिल्या. आणि आम्ही तिघं, काळ्या हातांचे, त्या फोनभोवती उभे राहून ऐकत होतो.